सामाईक घराचे भाडे : वाटा आणि हिशेब

अमरावतीत जवाहर गेटमधून परकोटाच्या आत शिरले, किंवा अकोल्यात टिळक रस्त्याच्या परिसरात फिरले, की एका विशिष्ट घडणीची घरे नजरेस पडतात. खाली रस्त्याच्या अंगाला दोन-चार दुकाने, मधून माडीवर जाणारा अरुंद जिना, वर राहती जागा आणि मागे चौक किंवा गोदाम. १८६० नंतरच्या दशकात वऱ्हाडात आगगाडी आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्याच सुमारास येथील कापसाला विलायतेत मागणी वाढली. पुढे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले आणि १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांना नियमांची चौकट मिळाली. व्यापारी पेठांतील कितीतरी घरांचा पाया या कापसाच्या पैशावर घातला गेला आहे.

घर बांधणारा एक होता. आज त्याच्या वारसांची संख्या दहा-पंधरावर गेलेली असते. कोणी पुण्याला नोकरीत, कोणी नागपूरला, एखादा परदेशात. बहिणी अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर अशा गावी सासरी नांदत असतात. घर मोडून वाटून घेता येत नाही, कारण आठ फूट रुंदीच्या दुकानाचे सहा भाग पाडले तर कोणाच्याच हाती दुकान राहत नाही. म्हणून वाटणी पुढे ढकलली जाते. भाडे मात्र पुढे ढकलता येत नाही. ते दर महिन्याला येते, आणि गावात राहणारा एक भाऊ ते घेतो. तो कुटुंबातील सर्वात प्रामाणिक माणूस असू शकतो. तरीही पाच-दहा वर्षांनी कुजबूज सुरू होते, दिवाळीला येणारी बहीण येईनाशी होते आणि एक दिवस वकिलाची नोटीस येते. अशी प्रकरणे पाहिली असता असे आढळते की, भांडणाचे मूळ पुष्कळदा वाट्यापेक्षा हिशेबात असते. ‘माझा वाटा किती’ हा प्रश्न कायद्याने बहुतांशी सोडविलेला आहे. ‘आले किती आणि गेले कोठे’ हा प्रश्न कुटुंबानेच सोडवावयाचा असतो, आणि तोच राहून जातो.

वऱ्हाडचे उत्पन्न आणि वऱ्हाडचा मालक

हिशेबाचा हक्क सुटला म्हणजे काय होते, हे समजून घेण्यासाठी वऱ्हाडकरांना दूर जावयास नको. १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड प्रांत कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात दिला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. खर्च भागून उरेल ती शिल्लक निजामाला द्यावी आणि दरवर्षी जमाखर्च त्याच्यापुढे ठेवावा, असे ठरले होते. १८६० मध्ये दुसरा तह झाला. त्यात निजामाचे कर्ज माफ झाले, काही मुलूख परत मिळाला. पण त्याच्या बदल्यात वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. शिल्लक मिळण्याचा हक्क कागदावर कायम राहिला. परंतु कारभाराचा खर्च किती दाखवावयाचा हे कारभार करणाराच ठरवू लागला, तेव्हा त्या शिल्लकेला अर्थ किती उरणार? हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळविण्यासाठी पुढे बरीच खटपट केली, ती फळास आली नाही. अखेर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि निजामाला दरसाल २५ लाख रुपये ठरीव रक्कम मिळू लागली.

राज्यांची गोष्ट आणि घराची गोष्ट एक नव्हे, हे खरे. परंतु सामाईक मिळकतीचे उत्पन्न वाटण्याच्या तीन पद्धती या पन्नास वर्षांत एकाच प्रांतावर अजमावल्या गेल्या : हिशेबासह शिल्लक, हिशेबावाचून शिल्लक आणि ठरीव रक्कम. आपल्या घरांतूनही याच तीन पद्धती चालतात. पहिली त्रासाची वाटते, पण टिकते. तिसरीही चालू शकते. मात्र भाडे वाढले की ठरीव रक्कमही वाढली पाहिजे, हे आधीच लिहून ठेवावे लागते. मधली, म्हणजे ‘उरेल ते देऊ, विचारू नका’ ही, सर्वात अधिक प्रचलित आहे, आणि कोर्टाची पायरी बहुतेक तीच चढावयास लावते.

मिळकत कोणत्या प्रकारची?

‘वडिलोपार्जित’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वडिलांकडून आले ते सारे वडिलोपार्जित, अशी समजूत आहे. कायद्याच्या दृष्टीने येथे दोन भिन्न गोष्टी आहेत. हिंदू एकत्र कुटुंबाची जी मिळकत पिढीजात चालत आली, तिच्यात जन्मतःच हक्क उत्पन्न होतो. वडिलांनी स्वतः कमावून घेतलेली मिळकत मात्र त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वारसांकडे जाते आणि प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र असतो. अशा रीतीने वडिलांकडून मिळालेली मिळकत मुलाच्या हाती त्याची स्वतःची ठरते, एकत्र कुटुंबाची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात सांगितले. त्यामुळे आजोबांनी १९५० साली विकत घेतलेले आणि १९६५ साली त्यांच्या पश्चात वडिलांकडे आलेले घर पुष्कळदा ‘वडिलोपार्जित’ नसते, जरी सारा गाव तसे म्हणत असला तरी. मूळ खरेदीखत आणि मृत्यूच्या तारखा पाहिल्याखेरीज वाट्याविषयी बोलू नये.

अचलपूर, बाळापूर, अकोला येथील मुस्लिम कुटुंबांत एकत्र कुटुंबाची ही कल्पनाच नाही. मालकाच्या मृत्यूच्या क्षणी वारसांचे हिस्से निश्चित होतात : मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलीच्या दुप्पट मुलाला. त्या दिवसानंतर येणारे भाडेही त्याच प्रमाणात ज्याचे त्याचे असते. पण ‘अम्मी आहेत तोवर वाटणीची भाषा नको’ हा संकोच तेथेही तितकाच दिसतो.

सांगलीचा खटला आणि त्यानंतर

हिस्से कसे मोजावयाचे, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या न्यायालयीन इतिहासात प्रसिद्ध आहे. खंडप्पा मगदूम हे १९६० मध्ये मरण पावले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे व तीन मुली. मिळकतीत दोन घरे, जमीन आणि दोन दुकाने होती. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला आणि ७/२४ हिस्सा मागितला. खालच्या न्यायालयाने १/२४ दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ७/२४ मान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल १९७८ रोजी तोच कायम केला. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांचे होते.

गणित असे. खंडप्पांच्या मृत्यूपूर्वी क्षणभर वाटणी झाली असे मानावयाचे. तीत पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश. मग खंडप्पांचा चतुर्थांश सहा वारसांत, म्हणजे प्रत्येकी १/२४. पत्नीचा पहिला चतुर्थांश आणि हा १/२४ मिळून ७/२४. विधवेचा स्वतःचा वाटणीतील हिस्सा विसरून केवळ वारसाचा तुकडा तिच्या हातावर ठेवता येणार नाही, हा या निकालाचा अर्थ. मुलींना मात्र तेव्हाच्या कायद्याप्रमाणे १/२४ एवढेच येत होते.

पुढे कायदा बदलला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या सुधारणेने ९ सप्टेंबर २००५ पासून ही मर्यादा राहिली नाही. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत की नाही, याविषयीचा वादही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात मिटविला : मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्रीव्यवहार उकरून काढता येत नाहीत.

भाड्याच्या भाषेत हा फरक पाहू. समजा, चार दुकानांचे मिळून महिना २४,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,८८,००० रुपये भाडे येते. घरपट्टी १८,००० आणि डागडुजी ३०,००० वजा जाता वाटण्याजोगे २,४०,००० उरतात. कुटुंब मगदूमांच्या कुटुंबासारखेच : आई, दोन मुलगे, तीन मुली. जुन्या हिशेबाने आई व दोन्ही मुलगे यांना प्रत्येकी ७०,००० आणि प्रत्येक मुलीला १०,००० मिळाले असते. आजच्या कायद्याने वडील, आई आणि पाच मुले मिळून सात समान हिस्से पडतात. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा वारसांत जातो, आणि सर्वांना सारखा सहावा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी ४०,००० रुपये येतात. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीपैकी असते, तरी मृत्युपत्र नसल्यास उत्तर हेच आले असते. ज्या घरी अजूनही बहिणीला भाऊबीजेची ओवाळणी आणि साडीचोळी एवढ्यावर समाधान मानावयास लावतात, तेथे वर्षाला ४०,००० रुपयांचा हा आकडा कोणी तरी एकदा कागदावर मांडून दाखविला पाहिजे.

१९५६ च्या कायद्यात कलम २३ असे होते की, कुटुंबाच्याच राहत्या घराची वाटणी मुली मागू शकत नसत. पुरुष वारस वाटणी करतील तेव्हाच त्यांना हिस्सा मिळे. २००५ च्या सुधारणेत हे कलमच काढून टाकले गेले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या कलमाचे शब्द संपूर्णपणे कुटुंबाच्या वापरात असलेल्या घरापुरतेच होते. बाजारातील भाड्याच्या दुकानांना त्याचा आडोसा पूर्वीही घेता येत नव्हता. पण तो सर्रास घेतला गेला.

भाडे घेणाऱ्याची जबाबदारी

आता त्या गावातल्या भावाकडे वळू. कुटुंब खरोखर एकत्र असेल, तर तो कर्ता म्हणून वागतो. कर्त्याने कुटुंबासाठी केलेल्या मागील खर्चाचा पैन्‌पैचा हिशेब, अफरातफर दाखविल्यावाचून, मागता येत नाही. मात्र कुटुंब विभक्त झाले, किंवा मिळकत वारसाहक्काने स्वतंत्र हिश्शांनी आली, की परिस्थिती पालटते. १९५६ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असे वारस आपापल्या पृथक् हिश्शाचे मालक असतात. भाडे घेणारा भाऊ इतरांच्या हिश्शापुरते ते त्यांच्या वतीने घेत असतो. एका सहमालकाने आपल्या स्थितीचा फायदा घेऊन इतरांच्या हक्काला बाध आणणारा लाभ मिळविला, तर तो त्याने सर्वांसाठी धारण केला पाहिजे, असे १८८२ च्या न्यास अधिनियमाचे कलम ९० सांगते. घरपट्टीच्या पावत्या त्याच्या नावाच्या आहेत किंवा भाडेकरू त्यालाच ओळखतो, एवढ्याने तो एकटा मालक होत नाही.

त्याच्याही बाजूने बोलले पाहिजे. गळणारे छप्पर तोच पाहतो, थकलेल्या भाड्यासाठी दहा फेऱ्या तोच घालतो, महानगरपालिकेच्या खिडकीशी तोच उभा राहतो. या श्रमाचे मोल ठरविले नाही, तर तो ते स्वतःच ठरवून कापून घेतो आणि मग त्यालाच चोर म्हटले जाते. भाड्याच्या अमुक टक्के वसुलीचा मेहनताना म्हणून आधीच मान्य करणे हा यावर सरळ उपाय होय. तोच भाऊ वर माडीवर राहत असेल, तर त्याने इतरांना भाडे द्यावे काय? इतरांना त्याने घालवून दिलेले नसेल आणि तसा करारही नसेल, तर सामान्यतः कायदा त्याच्याकडून भाडे मागत नाही. घरच्यांनी मात्र हे बोलून ठरवावे. आईला सांभाळण्याचा भार त्याच्यावर असेल, तर माडीचा वापर त्या भारापोटी धरावा. पण तसे कागदावर असावे.

मुदतीचा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो आणि नुकसान त्यानेच अधिक होते. एका सहमालकाचा कब्जा हा सर्वांचा कब्जा मानला जातो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळल्याचे कळल्यापासून बारा वर्षांपर्यंत वाट्यासाठी दावा करता येतो. म्हणजे पंधरा वर्षे गप्प बसलेल्या बहिणीचा वाटा, तिला उघडपणे नाकारले गेले नसेल तर, सहसा बुडत नाही. पण दुसऱ्याने गैरपणे घेतलेल्या उत्पन्नाच्या वसुलीला १९६३ च्या मुदत कायद्याने तीनच वर्षांची मर्यादा आहे, आणि ती ज्या त्या वर्षीच्या भाड्याला वेगळी लागते. संबंध बिघडू नयेत म्हणून थांबणारी बहीण वाटा राखते आणि भाडे गमावते. तिने दावाच लावावा असे नव्हे. परंतु दरसाल हिशेब मागण्यात अवमान नाही, हे भावांनी समजून घ्यावे.

भाडेकरू आणि कागदपत्रे

वऱ्हाडासह विदर्भात दीर्घकाळ १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देण्यासाठीही त्यात नियंत्रकाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. जुन्या भाडेकरूंचे भाडे दरसाल चार टक्क्यांनी वाढविण्याची मुभा त्यात आहे. ती वाढ न मागणारा वसुली करणारा भाऊ सर्वांचेच नुकसान करीत असतो. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदविलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. कैद किंवा दंडाचीही तरतूद आहे. या करारावर सर्व सहमालकांची नावे घालावी, किंवा एकाला रीतसर कुलमुखत्यारपत्र द्यावे. भाडेकरूविरुद्ध एकटा सहमालकही दावा लावू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ पासून वेळोवेळी सांगितले आहे.

खेड्यात हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या नमुना ८ पाशी येऊन थांबतो. वडिलांच्या पश्चात थोरल्या मुलाचे नाव लागते आणि पुढे ‘व इतर’ असे दोन शब्द लिहिले जातात. त्या ‘इतर’ मध्ये विधवा आणि बहिणी नाहीशा होतात. ही नोंद कर आकारणीसाठी आहे, ती मालकीचा पुरावा नव्हे. तथापि भाडेकरू, बँक आणि पुढची पिढी तिच्याकडेच बोट दाखवितात. पंचायत सदस्यांनी वारसांची सर्व नावे लिहविण्याचा आग्रह धरला, तर पुढचे निम्मे काम तेथेच होते. शहरातील जुन्या पेठांत घराखालची जमीन नझूलची असणे विदर्भात नवीन नाही. तेथे शासकीय पट्ट्यावर वारसांची नावे चढविणे आणि पट्ट्याचे नूतनीकरण हे वेगळे काम करावे लागते. शेतजमिनीचा विषय स्वतंत्र आहे. मक्त्याने किंवा बटईने दिलेल्या शेताचे उत्पन्नही असेच वाटावयाचे असते. परंतु १९५८ च्या विदर्भ कुळवहिवाट कायद्याच्या धास्तीने हे व्यवहार तोंडी होतात आणि हिशेबाला पुरावाच राहत नाही. वारस नोंदीसाठी मात्र तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळविणे कायद्याने आवश्यक आहे.

वही कशी ठेवावी

भाड्यासाठी वेगळे बँक खाते असावे. घरखर्चाच्या खात्यात भाडे पडले की ते पुन्हा वेगळे काढता येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव. जमेच्या बाजूला प्रत्येक दुकानाचे महिनावार भाडे व अनामत रक्कम. खर्चाच्या बाजूला घरपट्टी, विमा, डागडुजी, मेहनताना. अनामत हे उत्पन्न नव्हे, ती परत करावयाची आहे. ती वाटून टाकणारी कुटुंबे भाडेकरू निघून जाताना अडचणीत येतात. मोठ्या दुरुस्तीसाठी दरसाल काही रक्कम राखून ठेवावी आणि अमुक रुपयांवरील खर्च सर्वांना विचारूनच करावा. वर्ष गुढीपाडव्याला संपवावे की ३१ मार्चला, ही ज्याच्या त्याच्या घरची आवड. आयकरासाठी मार्चच सोयीचा. हिशेबाची प्रत प्रत्येक हिस्सेदाराला, सासरी असलेल्या बहिणीलाही तिच्या स्वतःच्या नावाने, पाठवावी. तिच्या यजमानांच्या नावाने नव्हे.

आयकरात हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येकाचे उत्पन्न त्याच्या हिश्शापुरते धरले जाते. १९६१ च्या कायद्यातील कलम २६ चे हे तत्त्व २०२५ च्या नव्या कायद्यातही ठेवण्यात आले आहे. वर दिलेल्या उदाहरणात घरपट्टी वजा जाता २,७०,००० रुपये राहतात, त्यातील प्रत्येकाचा हिस्सा ४५,००० आणि त्यावर तीस टक्के ठरीव वजावट जाऊन ३१,५०० रुपये करासाठी धरले जातात. हाती मात्र ४०,००० पडले आहेत, कारण करात प्रत्यक्ष डागडुजीचा खर्च वेगळा मिळत नाही, त्यापोटी ती ठरीव वजावट आहे. दोन आकडे निराळे का, असे विचारणारा भाऊ प्रत्येक घरी निघतो. मिळकत हिंदू अविभक्त कुटुंबाची असेल, तर ते कुटुंब वेगळा करदाता ठरते आणि मग वाटणी झाल्याचे आयकर अधिकाऱ्यापुढे दाखवावे लागते. सारे भाडे एकाच भावाच्या विवरणपत्रात दाखविण्याची प्रथा दोन्ही प्रकारांत चुकीची आहे, आणि पुढे तोच कागद ‘मीच मालक’ म्हणून न्यायालयात पुढे केला जातो.

सही करण्यापूर्वी

गावोगावी हक्कसोडपत्रे होतात. भाऊ दुय्यम निबंधक कार्यालयात नेतो, बहीण सही करते, परत येताना साडी घेतली जाते. हे स्वखुषीने होत असेल, तर त्यात गैर काही नाही. आपला हक्क कोणालाही सोडता येतो. परंतु सही केली नाही तर माहेरची वाट बंद होईल, या भीतीने होणारी सही स्वखुषीची म्हणता येणार नाही. मिळकतीचे भाडे किती येते हे सांगितल्यावाचून तर अशी सही घेऊच नये. कागद लिहून देण्यासाठी, निदान वाचून दाखविण्यासाठी, खेड्यात लोक गुरुजींकडे येतात. हक्क कायमचा सोडण्याऐवजी भाड्याचा हिस्सा काही वर्षे भावाला किंवा आईला वापरू देण्याचा साधा करारही होऊ शकतो, हे अशा वेळी सांगता येईल. आधी तोंडी ठरलेल्या कौटुंबिक तडजोडीची नुसती आठवणीदाखल लिहिलेली याद नोंदणीवाचून चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये काळे प्रकरणात म्हटले आहे. पण ज्या कागदानेच हक्क निर्माण होतो किंवा सुटतो, तो नोंदविलाच पाहिजे.

कंटाळून एखादा हिस्सेदार आपला वाटा परक्याला विकतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे अशा खरेदीदाराला कुटुंबाच्या राहत्या घरात येऊन बसता येत नाही, आणि त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याने घरच्यांना न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा परत घेता येतो. हे संरक्षण राहत्या घराला आहे. बाजारातील दुकानांना ते मिळेलच असे नाही, म्हणून तेथे हिस्सेदाराला नाराज ठेवणे महाग पडते. ज्या मिळकतीचे तुकडे पडूच शकत नाहीत, ती निम्म्या किंवा अधिक हिश्शाच्या मालकांनी मागणी केल्यास न्यायालय विक्रीला काढू शकते. दावा चालू असताना भाडे गोळा करण्यासाठी रिसिव्हर नेमला जाऊ शकतो. मग वही त्याच्याकडे जाते आणि त्याचा खर्चही भाड्यातूनच निघतो.

न्यायालयापूर्वीची एक पायरी अजूनही पुष्कळांना माहीत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली अमरावती व अकोला येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आणि तालुक्यांना समित्या आहेत. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नाही. या कायद्याखाली स्त्रियांना मोफत विधी साहाय्य मिळते व त्यासाठी त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही. अर्जासोबत खरेदीखत किंवा मिळकत पत्रिकेचा उतारा, घरपट्टीची पावती, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि भाडेकरूंची नावे व भाडे यांचा तक्ता जोडावा. हा शेवटचा तक्ता बहुतेक अर्जदारांकडे नसतो. तो भाडेकरूंच्या पावत्यांवरून तयार करता येतो.